दमट हवेत बोहो कपड्यांत व्यायाम: कापड, बेत (कपड्याची घडण) आणि शिलाई कशी निवडावी

हणजूणचा बुधवारचा बाजार असो की हरमलच्या किनाऱ्याकडे उतरणारी गल्ली, सैल छापील विजारी, गोंडे लावलेले टॉप आणि वाऱ्यावर उडणारे श्रग असे बोहो, म्हणजे हिप्पी धाटणीचे, कपडे तिथे ओळीने टांगलेले असतात. योगवर्गाला येणाऱ्या कितीतरी जणी तिथूनच खरेदी करतात. मग सूर्यनमस्काराची चार-पाच आवर्तनं झाली की विजार पायात अडकायला लागते, टॉप तोंडावर येतो आणि पाठीला चिकटलेलं कापड काही केल्या वाळत नाही. हे कपडे वाईट नसतात. निवांत बसावं, बाजारात हिंडावं, एवढ्याच बेताने ते शिवलेले असतात.

गोव्यात हा पेहराव रुजला तो १९६० आणि ७० च्या दशकांत, युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान करत जमिनीच्या वाटेने आलेल्या हिप्पींमुळे. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत सैन्य शिरलं आणि ती वाट बंद पडली. कपडे मात्र इथेच राहिले, कारण त्यातलं बरंचसं मुळात आपल्याकडचंच होतं: राजस्थानी ठशांची छपाई, कच्छी आरसेकाम, सलवारीचा घेर. त्यामुळे उष्ण हवेचं भान या शैलीत आधीपासून आहे. व्यायामाचं भान आपण निवडताना आणायचं.

माझा नियम साधा आहे. शरीर जिथे वाकतं, घासतं आणि घामाने भिजतं तिथे कपडा साधा, मापात आणि हवेशीर हवा. रंग, झालरी, गोंडे, आरसे, जे काही आवडतं ते उरलेल्या जागी मनसोक्त करावं. पुढची प्रत्येक पायरी या एका गोष्टीवर उभी आहे.

पहिली पायरी: अंगावर काय घडणार आहे ते ठरवा

‘व्यायामासाठी कपडे हवेत’ एवढ्यावर दुकानात जाऊ नये. संथ हठयोग, प्राणायाम, चालणं, नाच, धावणं, सायकल आणि डोंगर चढणं यांच्या मागण्या एकमेकींपासून फार लांब आहेत.

बोहो शैली सर्वांत जास्त शोभते आणि कामालाही येते ती संथ योग, स्ट्रेचिंग, ताई ची, सकाळ-संध्याकाळचं चालणं आणि मोकळा नाच यांत. झपाट्याच्या विन्यास योगात, झुंबात किंवा धावण्यात ती निम्मीच चालते. तिथे आत मापाचा, घाम ओढून घेणारा थर आणि वर हवा खेळती ठेवणारा बोहो थर अशी जोडी लागते. सायकल आणि दुचाकीवर मात्र लांब ओढणी, झालर, पसरट मोहरी (विजारीचं पायाकडचं तोंड) नकोच. ओढणी चाकात अडकून झालेले अपघात आपल्याकडे सगळ्यांनी ऐकलेले आहेत. सह्याद्रीतल्या वाटांवरही तेच: करवंदीच्या जाळीत झालर अडकते आणि कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर स्वतःच्याच विजारीच्या घेरावर पाय पडू शकतो. डोंगरावर बोहो हौस डोक्याला बांधायच्या रुमालापुरती ठेवावी.

दुसरी पायरी: तुमच्याकडची हवा ओळखा

घाम अंगाला थंड करतो तो वाळताना. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम नुसता ओघळून जमिनीवर पडला, तर थंडावा जवळजवळ शून्य. उन्हात जोरकस व्यायाम करताना तासाला अर्धा ते दीड लिटर घाम सहज जातो. त्यातला किती वाळतो हे हवा आणि कपडे मिळून ठरवतात.

नागपूर, जळगाव, सोलापूर इथला उन्हाळा कोरडा असतो. पारा ४५ अंशांकडे जातो, पण घाम लगेच वाळतो. तिथे खरा शत्रू ऊन आहे. अंग झाकणारे, सैल, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे तिथे उत्तम. कोपरापर्यंतच्या बाह्या काढून टाकल्या की उलट जास्त भाजतं. १९८० मध्ये वाळवंटातल्या बेदुइन लोकांच्या काळ्या झग्यांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त ऊन शोषत होता, तरी आतल्या माणसाला जास्त उष्णता लागत नव्हती, कारण सैल कपड्याच्या आत गरम हवा धुराड्यातून जावी तशी वर निघून जात होती.

मुंबई, रत्नागिरी, गोवा इथे पारा ३३-३४ वरच थांबतो, पण हवा बाष्पाने भरलेली असते आणि घाम वाळायला जागाच राहत नाही. इथे झाकण्यापेक्षा उघडं ठेवणं, जाडीपेक्षा विरळपणा आणि कापड लवकर वाळणं जास्त महत्त्वाचं. बगला, पाठ, गुडघ्यांची मागची बाजू मोकळी असावी. पुणे-नाशिककर या दोहोंच्या मधे कुठेतरी येतात. पहाटे टेकडीवर जाणाऱ्यांना तर वरून एक पातळ थर लागतोच.

तिसरी पायरी: कापड

इथे थोडं थांबायला हवं, कारण बोहो म्हणून विकल्या जाणाऱ्या कपड्यांत सर्वांत जास्त फसगत कापडातच होते.

सुती कापड सामान्य हवेत स्वतःच्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के बाष्प धरून ठेवतं. पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के, नायलॉन चार टक्क्यांच्या आसपास. म्हणून सुती कपडा सुरुवातीला गार आणि मऊ लागतो. पण घाम एका मर्यादेपलीकडे गेला की तो पाणी धरून बसतो, जड होतो आणि मांड्यांना घासतो. यावर उपाय सूत सोडून देणं हा नाही; पातळ सूत घ्यावं. मलमल चौरस मीटरला साठ ते ऐंशी ग्रॅम असते, कॅम्ब्रिक नव्वद ते एकशे दहा, पॉपलिन त्याच्या जरा वर. वरच्या थराला मलमल, विजारीला कॅम्ब्रिक किंवा मऊ पॉपलिन, हे कोकणपट्टीसाठी माझं आवडतं गणित आहे. इचलकरंजीच्या मागांवर असं सुती कापड भरपूर निघतं. त्यावर फॅशनची चिठ्ठी नसते म्हणून त्याला कमी लेखू नये.

रेयॉन, म्हणजेच व्हिस्कोस, हे बोहो बाजाराचं लाडकं कापड. त्याची चुणी सुंदर पडते, रंग खुलतात, किंमत परवडते. चालायला, हिंडायला ते चांगलं. पण ते सुतापेक्षाही जास्त पाणी पितं आणि ओलं झाल्यावर त्याची ताकद जवळजवळ अर्ध्यावर येते. घामाने भिजलेली रेयॉनची विजार वजनाने खाली लोंबते आणि खोल बैठकीत आसनाच्या, म्हणजे दोन्ही पायांच्या मधल्या, शिवणीवर उसवते. ‘बांबूचं कापड’ म्हणून जे मिळतं तेही बहुतेक वेळा बांबूच्या लगद्यापासून केलेलं व्हिस्कोसच असतं. मोडाल त्याच कुटुंबातलं, ओलं असताना जास्त टिकाऊ आणि मऊ. हल्ली अजरखची, म्हणजे कच्छी ठशांची, छपाई मोडालवर खूप होते. संथ योगासाठी सैल टॉप म्हणून ते छान आहे.

लिनन उन्हाळ्यात अप्रतिम, लवकर वाळतं, अंगाला चिकटत नाही. ताणलं मात्र बिलकुल जात नाही, म्हणून बेत सैलच हवा. हातमागाची खादी विरळ विणीची आणि हलकी मिळाली तर घ्यावी. जाड खादी व्यायामाला जड पडते.

उड्या, धावणं, झुंबा असेल तर अंगालगतच्या थरासाठी नायलॉन किंवा पॉलिस्टर आणि लायक्रा (रबरासारखा ताणला जाणारा धागा) यांचं होजिअरी कापड टाळू नये. स्पोर्ट्स ब्रा त्यातलीच असावी. दोऱ्यांच्या नाजूक सुती ब्रालेट दिसायला गोड असतात, पण उड्यांत त्यांचा आधार पुरत नाही. सुती लेगिंगमध्ये पाच टक्क्यांच्या आसपास लायक्रा पुरते. मजबूत पकडीच्या लेगिंगमध्ये ती पंधरा ते पंचवीस टक्के असते. दमट हवेत नखशिखांत घट्ट कपडे घालून बसलं की जांघेत खाज, घामोळं, गजकर्ण यांना आयतं आमंत्रण मिळतं. म्हणून घट्ट भाग गरजेपुरताच ठेवावा आणि व्यायाम संपल्यावर ओले कपडे ताबडतोब बदलावेत.

दुकानात उभ्या उभ्या करायच्या परीक्षा सोप्या आहेत:

- कापड ओठांसमोर धरून श्वास सोडा. पलीकडे तळहातावर ऊब जाणवली तर हवा खेळते.
- आतून हात घालून उजेडाकडे धरा आणि कापड ताणा. बोटांमधल्या फटी स्पष्ट दिसल्या तर वाकल्यावर सगळंच दिसणार.
- पाण्याचा थेंब टाकू दिला तर पाहा. तो मोत्यासारखा वर राहिला तर खळ किंवा रासायनिक लेप आहे. दोन-तीन धुण्यांनंतर पुन्हा तपासा.
- पांढरा रुमाल किंचित ओला करून छापील भागावर घासा. रंग रुमालाला लागला तर तो तुमच्या चटईला आणि पाठीलाही लागेल.
- लायक्राच्या कापडाचा दहा सेंटिमीटरचा भाग पंधरापर्यंत ताणून सोडा. लगेच मूळ जागी आला नाही तर गुडघ्यावर पिशव्या पडणार.

चौथी पायरी: छपाई आणि रंग

छापील कपड्यांचा एक व्यावहारिक फायदा फारसा कुणी सांगत नाही: घामाचे डाग दिसत नाहीत. एकरंगी राखाडी आणि मध्यम निळ्यावर ते सर्वांत ठळक उठतात. दाट ठशांची नक्षी, पांढरा किंवा अगदी गडद रंग यांवर ते लपतात. ज्या मुली घामाच्या डागांच्या संकोचाने वर्गात मागे उभ्या राहतात त्यांना राजस्थानातल्या बगरूच्या दाबू (चिखलाने रंग अडवून केलेल्या) छपाईचा कुडता घालून पाहायला मी आग्रहाने सांगते.

छपाई कापडात मुरलेली आहे की वर बसलेली, हे बोटाने कळतं. सांगानेर, बगरू किंवा कच्छच्या अजरखमध्ये रंग धाग्यात मुरतो आणि कापड मऊच राहतं. स्वस्त पिगमेंट आणि रबर प्रिंट कापडावर थर म्हणून बसते. तिथे हवा अडते आणि काही धुण्यांनी तडे जातात. पाठभर रबरी चित्र असलेला टॉप दमट हवेत घालणं म्हणजे पाठीला प्लास्टिक लावून घेणं.

अजरखबद्दल थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. २००१ च्या भूकंपानंतर धमडका गावातल्या पाण्यात लोहाचं प्रमाण वाढलं आणि नैसर्गिक रंग नीट बसेनात. म्हणून तिथल्या खत्री कारागिरांनी भुजजवळ अजरखपूर हे नवं गाव वसवलं. पाणी, माती आणि ऊन यांवर इतकं अवलंबून असलेलं कापड आपण अंगावर घालतो, तेव्हा त्याची काळजीही तशीच घ्यावी.

नैसर्गिक निळीचा रंग सुरुवातीला घासला की थोडा सुटतो, म्हणून तो कपडा पहिली काही धुणी स्वतंत्र धुवावा आणि फिक्या चटईवर घालू नये. हळदीचा पिवळा उन्हात उडतो आणि साबण लागला की लालसर होतो. घामाच्या कपड्याला हा रंग नकोच. पातळ पांढरं सूत ओलं झालं की उन्हापासून संरक्षणही कमी देतं, हे समुद्रकाठी चालणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

पाचवी पायरी: बेत

आपल्याकडच्या कष्टकरी बायकांनी हा प्रश्न कधीच सोडवून ठेवला आहे. नऊवारीचा काष्टा सव्वाआठ मीटर कापड असूनही पाय मोकळे ठेवतो. शेतात वाका, होडीत चढा, लावणीत बैठक मारा. गोव्यातली कुणबी साडी पोटरीपर्यंतच असते आणि उजव्या खांद्यावर ‘देठली’ गाठीने घट्ट बांधलेली, म्हणून भाताच्या खाचरात पदर सांभाळावा लागत नाही. कोलवाळचे दिवंगत फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिग्ज यांनी तिला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. दोन्हींत तत्त्व एकच: घेर हवा तिथे आहे आणि टोकं बांधलेली आहेत. बोहो विजारीला हेच लावून पाहा.

विजारीत पहिली गोष्ट आसन. बाजारी हॅरम पँटमध्ये ते गुडघ्यापर्यंत खाली असतं. गुडघा पोटाशी घेताना त्याने अडत नाही. पाय फाकवून वीरभद्रासन करताना मात्र दोन्ही पायांच्या मधलं कापड पुरेसं रुंद नसेल तर पाऊल पुढे जातच नाही. घालून बघताना फक्त आरशासमोर उभं राहू नका. एक पाय लांब पुढे टाका, पूर्ण उकिडवं बसा, पुढे वाका, हात वर करा. दुकानदार बघतो म्हणून लाजण्याचं कारण नाही. कपडा ज्यासाठी घेतोय ते त्यात करून पाहणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे.

मोहरीला सैल इलास्टिक किंवा नाडी हवी. सर्वांगासनात पाय वर गेले की मोकळ्या मोहरीची विजार थेट मांडीपर्यंत घसरते. बाजूला गुडघ्यापर्यंत चीर असलेल्या विजारी हवेला उत्तम, फक्त चिरेच्या वरच्या टोकाला पक्का टाका घालून घ्यावा. कंबरेला रुंद पट्टा बरा, कारण पातळ नाडी पोटात रुतते आणि पालथं झोपून करायच्या आसनांत गाठ टोचते. गाठ बाजूला, कमरेच्या हाडाच्या पुढे बांधता येईल अशी करून घ्या.

वरच्या कपड्यात मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती जागा, बघा. खोल मुंढ्याची सैल बाही दिसते ऐसपैस, पण हात वर केला की अख्खा टॉप वर ओढला जातो. मुंढा बगलेजवळ आणि खाली कापडाची चौकोनी कळी, असा बेत असेल तर हात वर गेला तरी कंबर जागच्या जागी राहते. टॉपची उंची कुल्ह्यापर्यंत असेल तर पुढे वाकताना तो विजारीत खोचता यावा किंवा खालच्या कडेला गाठ मारता यावी. श्रग, किमोनो, कफ्तान हे सगळं वर्गाला जाता-येताना घालायचं.

पुरुषांसाठी वेगळं शोधावं लागत नाही: बिनबाह्यांची मलमलची बंडी आणि नाडीची कॅम्ब्रिक विजार. आसनात एक जादा कळी टाकली की झालं.

सहावी पायरी: नक्षी कुठे

चटईवर जे अंग टेकतं तिथे काहीही टणक नको. पाठीचा कणा, कुल्हे, ढोपरं, कोपरं, दंडाची आतली बाजू, मांड्यांची आतली बाजू या जागा पूर्ण साध्या ठेवा. आरसे, कवड्या, घुंगरू, मणी शवासनात टोचतात, आणि फुटलेला आरसा कापतो. क्रोशाची जाळी बोटात आणि अंगठीत अडकते.

मग उरतं काय? भरपूर. पोटरीच्या बाहेरची बाजू, मोहरीची पट्टी, गळ्याच्या पुढची किनार, बाहीची कड, कंबरेचा पट्टा. खणाचं कापड अंगभर व्यायामाला ताठ पडतं, पण त्याची दोन बोटांची पट्टी मोहरीला लावली की अख्खी विजार उठून दिसते. कांथा या बंगाली भरतकामाचा धावदोरा सपाट असतो, तो कुठेही चालतो. गोंडे हवेत तर ते नाडीच्या टोकाला, काढता येतील असे. लांब कानातलं, साखळ्या, पैंजण वर्गाआधी काढून ठेवावेत.

शिवून घेणार असाल तर

मला स्वतःला शिवून घेणंच पटतं. मंगळदास मार्केट, लक्ष्मी रस्ता, सीताबर्डी, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, कुठेही छापील सुती कापड मिळतं. ४४ इंची पन्ह्याचं अडीच मीटर कापड एका घेरदार विजारीला सहसा पुरतं. नवं सूत पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटतं, म्हणून रात्रभर भिजवून, वाळवून, मगच कापायला द्या.

शिंप्याला माप देताना आसनाचं माप खुर्चीवर बसून घ्यायला सांगा: बाजूने कंबरेपासून खुर्चीच्या पाटापर्यंत, आणि त्यात तीन-चार सेंटिमीटर सैली. मागची उंची मात्र उकिडवं बसून मोजा, कारण बसल्यावर कंबर उघडी पडते ती मागूनच. आसनात हिऱ्याच्या आकाराची कळी मागा. सलवार शिवणाऱ्या कुठल्याही शिंप्याला ती येते, आणि चार शिवणी एका बिंदूला येत नसल्याने विजार उसवतही नाही. आतल्या शिवणी दुहेरी आणि सपाट दाबून घ्या. ओव्हरलॉकची जाड कड मांडीला सोलते. आधी एक जुनी चादर फाडून कच्ची विजार शिवून पाहिली तर महागाच्या अजरखवर कात्री चालवताना धाकधूक राहत नाही.

धुणं आणि सांभाळणं

घामाचे कपडे डब्यात कोंबून ठेवू नका. लगेच धुणं जमत नसेल तर नुसत्या पाण्यातून काढून दोरीवर टाका. छापील सुती कपडे थंड पाण्यात, सौम्य साबणाने, उलटे करून धुवा आणि सावलीत वाळत घाला. लायक्राच्या कपड्यांना गरम पाणी, कडक इस्त्री आणि ब्लीच चालत नाही. पोहण्याच्या तलावातलं क्लोरीनही लायक्राला खातं. फॅब्रिक कंडिशनर घालू नये. त्याचा थर बसला की घाम ओढून घेणारं कापड ते काम करेनासं होतं.

पावसाळ्यात कोकणात काहीच वाळत नाही, तेव्हा तीन पातळ जोड एका जाड जोडापेक्षा बरे. कपडा घडी करून कपाटात टाकण्याआधी शिवणी आणि नेफा हाताने चाचपून पाहा. दमटपणा तिथेच राहतो आणि बुरशीचे काळे ठिपके तिथूनच सुरू होतात.

इलास्टिक कापडाच्या आधी मरतं. शिवून घेताना नेफ्याच्या आतल्या बाजूला दोन इंचांची न शिवलेली फट ठेवायला सांगा, म्हणजे सेफ्टी पिन लावून नवं इलास्टिक घरीच ओवता येतं.